दगड फोडणारी मऊ प्लेट

"गायधनी, खाली उतरा."

"नाही उतरणार."

"मी शेवटचं सांगतोय."

"मीही."

हा संवाद चालला होता तेव्हा मी नाशिकजवळ सातपूरच्या एका ओतकामाच्या फाउंड्रीत, भट्टीच्या ट्रॉलीवर, पोलादी प्लेटांच्या चळतीवर मांडी घालून बसलो होतो. समोर फाउंड्रीचे मालक आबाशेठ, कमरेवर हात ठेवून. बाजूला फोरमन साळवे, हसू आवरायला तोंडावर रुमाल धरून. आणि मी, त्या फाउंड्रीचा एकुलता एक मेटलर्जिस्ट, म्हणजे धातूंचा डॉक्टर म्हणा, ज्याचा पगार यातले पहिले गृहस्थ देत होते.

"या प्लेटा भट्टीत घालायच्या असतील," मी म्हणालो, "तर माझ्यासकट ट्रॉली आत ढकला आणि पेटवा बर्नर!"

वाक्य झकास होतं. ते बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझी पँट प्लेटच्या कडेला अडकली आहे आणि आता उतरायचं म्हटलं तरी उतरता येणार नाही. त्यामुळे त्या दिवशीच्या माझ्या बाणेदारपणात तत्त्वाचा भाग किती आणि पँटचा किती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

साळवेंनी रुमाल खाली घेतला. "साहेब, भट्टी अजून गार आहे. बसा निवांत. डबा इथेच आणून देऊ का?"

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मला खरं तर ओझरला विमानांच्या कारखान्यात जायचं होतं. तिथे मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय येतं?" मी प्रामाणिकपणे तासभर सांगितलं. त्यांनी घेतलं नाही. मग मी सातपूरला या फाउंड्रीत लागलो.

आबाशेठ दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. दोन चांगले हंगाम झाले आणि कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की आता इंडस्ट्रीचा जमाना आहे. त्यांनी फाउंड्री घातली. माणूस हुशार, दिलदार आणि रोखठोक. अडचण एकच. जगातली प्रत्येक वस्तू ते द्राक्षाच्या मापानं तपासायचे. मऊ म्हणजे सडलेलं, हा त्यांचा पहिला नियम. आणि आमच्या प्लेटा मऊ निघाल्या होत्या.

आता या प्लेटा कसल्या ते सांगतो. खडी फोडायच्या मशीनला जॉ क्रशर म्हणतात. जॉ म्हणजे जबडा. एक बाजू स्थिर, दुसरी पुढेमागे हलणारी. मध्ये दगड टाकायचा, जबडा तो चावतो, खालून खडी पडते. या जबड्याचे दात म्हणजे जॉ प्लेट. उभ्या पन्हाळ्या असलेली जाड, जडशीळ प्लेट, जिच्यावर दिवसभर काळा पाषाण आदळत राहतो. एका धरणाच्या कामावर सरकारी खात्याचे असे क्रशर चालू होते आणि त्यांच्या प्लेटांची ऑर्डर आम्हाला मिळाली होती. आबाशेठांची पहिली मोठी ऑर्डर. ती बुडाली असती तर ते पुन्हा बागेत छाटणीला गेले असते, आणि मला तर छाटणीही येत नव्हती.

अशा प्लेटा मँगनीज स्टीलच्या करतात. लोखंडात कार्बन जरा जास्त आणि मँगनीज भरपूर. ही मिसळ फार तऱ्हेवाईक असते. साधं पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे कुठल्याही लोहाराला माहीत आहे. मँगनीज स्टील तापवून पाण्यात बुडवलं की उलट मऊ होतं. मऊ, पण चिवट. मोडत नाही, फुटत नाही. आणि मग त्याला मार बसायला लागला की, जिथे मार बसतो तिथे ते कडक होत जातं. जितका मार जास्त तितकं कडक. झिजत आलं की खालचा मऊ थर वर येतो, तो मार खातो, तोही कडक होतो.

हे थोडंफार सगळ्याच धातूंत असतं. बांधायची तार घ्या आणि एकाच जागी वाकवा. पहिल्यांदा सहज वाकते. पुन्हा सरळ करायला गेलात की तिथेच अडते. आमच्या नाशकातल्या तांबट आळीत जा. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता ताठ होतो, मग तांबट त्याला भट्टीत नेऊन पुन्हा नरम करून आणतो, तेव्हा पुढचं ठोकणं होतं. आतमध्ये काय घडतं? धातूचे अणू थरांनी रचलेले असतात आणि धातू वाकतो म्हणजे हे थर एकमेकांवरून सरकतात. सकाळी लवकर रविवार कारंज्याच्या चौकात एक हातगाडी घेऊन जा, सुळकन निघाल. दहा वाजता सगळीकडून हातगाड्या घुसल्या की एकही हलत नाही. ठोकल्यावर धातूच्या आत असाच चक्का जाम होतो. शुद्ध धातूत गल्ल्या मोकळ्या असतात. मिश्रधातूत लहानमोठे परके अणू मध्येच ठाण मांडून बसलेले असतात, त्यामुळे जाम लवकर होतो. आणि मँगनीज स्टीलमध्ये तो असा होतो की वाहतूक पोलीससुद्धा घरी निघून जातो.

हे सगळं मला पाठ होतं. आणि तिथेच घोटाळा झाला.

माल तपासायला खात्याचे देवरे साहेब आले. मालेगावकडचे. बारीक, उंच, खिशाला दोन पेनं, बोलणं कमी. मागच्या वेळी दुसऱ्या कोणाकडून घेतलेल्या प्लेटा दोन आठवड्यांत झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि त्याचा ठपका बिचाऱ्यांवर आला होता. त्यामुळे ते दारातूनच विचारत आले, "प्लेट कडक आहे ना?"

या प्रश्नाचं योग्य उत्तर "हो साहेब, चहा घ्या" असं आहे. पण मला शिकवायची खाज. मी छाती काढून म्हणालो, "छे छे! अगदी लोण्यासारखी मऊ आहे!"

आबाशेठांनी बशीतला चहा पुन्हा कपात ओतला.

देवरे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे, मग बॅगेतून पोल्डी काढला. पोल्डी म्हणजे कडकपणा मोजायचं हातातलं साधन. आत एक पोलादी गोळी, तिच्या मागे ठरावीक कडकपणाची एक पट्टी. गोळी प्लेटवर टेकवायची आणि वरून हातोडीचा एक ठोका द्यायचा. गोळीचा एक खळगा प्लेटवर पडतो, एक पट्टीवर. दोन्ही भिंगातून मोजायचे आणि तक्त्यात बघायचं. प्लेटवरचा खळगा मोठा तर प्लेट मऊ.

खळगा मोठाच आला. येणारच होता.

"दगड फोडायच्या प्लेटा आणि मऊ?" देवरे साहेबांनी पेन काढलं. "रिजेक्ट."

"अहो साहेब, त्या वापरल्यावर कडक होतात."

"म्हणजे मी मऊ माल पास करायचा आणि तो पुढेमागे सुधारेल म्हणून वाट बघायची? जावई शोधतोय का मी?"

मी पुस्तक आणलं. इंग्रजी होतं, जाडजूड, त्यात आलेख होते. त्यांनी ते नीट पाहून मला परत दिलं. आबाशेठ म्हणाले, "पुस्तकानं दगड फोडायचा का आता?"

जाता जाता देवरे साहेबांना आबाशेठांची दया आली असावी. ते म्हणाले, "या प्लेटा पुन्हा मध्यम आचेवर भाजून घेतल्या तर आकडा वाढतो म्हणतात. दुसरा एक सप्लायर तसं करतो. बघा. आठवड्यानं येतो."

हे खरं होतं, आणि हेच भयंकर होतं. मँगनीज स्टील मध्यम तापमानाला तासन्‌तास ठेवलं की त्यातला कार्बन कणाकणांच्या सीमेवर गोळा होतो. कडकपणाचा आकडा वाढतो, पोल्डी खूश होतो, आणि चिवटपणा मरतो. भिंतीतलं सिमेंट काढून विटांवर घासावं आणि म्हणावं, बघा विटा कशा पक्क्या दिसतात, तसं. अशी प्लेट क्रशरमध्ये पहिल्या मोठ्या दगडाला तडकते. आणि क्रशरच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो, अडकलेला दगड पहारीनं सारायला. तुकडा उडाला तर त्याच्याकडेच उडणार.

मी आबाशेठांना हे सांगितलं. ते म्हणाले, "साहेबाला कडक पायजे. भाजली की कडक व्हती. मंग तुमचा इरोध कशाला?"

"फुटेल ती."

"तुम्ही त्या दिवशी म्हणला लोण्यासारखी हाय. आता म्हणता फुटंल. लोणी फुटतं व्हय?"

यावर शास्त्रात उत्तर आहे, पण चारचौघांत देण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी साळवेंना प्लेटा ट्रॉलीवर चढवायला लावल्या. ट्रॉली म्हणजे भट्टीचा तळच, तो रुळांवरून बाहेर येतो, त्यावर माल रचायचा आणि आत ढकलायचा. प्लेटा रचून झाल्या आणि मी त्यांच्यावर जाऊन बसलो. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच.

"नोकरी करायची का नाय?" आबाशेठांनी विचारलं.

"करायची आहे. पण ही प्लेट माझ्या नावावर जाणार आहे. तिथे ज्याच्या डोळ्यात तुकडा जाईल त्याच्या घरी तुम्ही जाणार की मी?"

"लय बोलायला लागला तुम्ही."

"तुम्ही ठोकताय म्हणून."

साळवे पुन्हा रुमालात गेले. आबाशेठ हा माणूस रागीट होता, पण बागेत औषध फवारणारा गडी चक्कर येऊन पडला तर त्याला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेणारा होता. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"असं करू," ते म्हणाले. "एक प्लेट माझ्या मतानं भाजायची. एक तुमच्या मतानं तशीच ठिवायची. दोनी साहेबापुढं मांडू. तुमची पास झाली तर तुमचं खरं. माझी पास झाली तर तुम्ही टेबल आवरायचं. बोला."

"कबूल."

"मंग उतरा."

"साळवे," मी हळूच म्हणालो, "जरा कात्री मिळेल का?"

देवरे साहेब आले. शेडच्या मधोमध दोन प्लेटा ठेवल्या होत्या, नवरा-नवरीसारख्या. भोवती सगळे जमले. साचे भरणारे मोल्डिंगवाले, ग्राइंडरवाले, समोरच्या वर्कशॉपमधलेही दोघे. फाउंड्रीत करमणूक कमी असते.

आधी आबाशेठांची भाजलेली प्लेट. देवरे साहेबांनी पोल्डी टेकवला, तीन ठोके दिले, भिंगातून पाहिलं, तक्ता पाहिला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. "वा! याला म्हणतात प्लेट."

आबाशेठांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साळवेंना म्हणाले, "गायधन्यांना एक खोकं द्या. टेबलावरचं सामान भरायला."

मग माझी प्लेट. ठोका. भिंग. तक्ता. हसू गेलं. "होती तशीच."

आता देवरे साहेब शिस्तीचे. मागच्या वेळी एका रीडिंगवर काम भागलं होतं, पण जिथे वाद असेल तिथे ते तसा निकाल देत नसत. एकाच जागी तीन ठोके आणि तिन्ही आकडे जुळले पाहिजेत, ही त्यांची पद्धत. भाजलेल्या प्लेटवर त्यांनी ती पाळली होती आणि आकडे थोड्याफार फरकानं जुळले होते. आता माझ्या प्लेटवर त्यांनी पहिल्या खळग्याला चिकटूनच दुसरा ठोका दिला. खरं तर दोन खळग्यांत अंतर ठेवायचं असतं, कारण खळग्याभोवतीचा धातू दबलेला असतो. हे त्यांना सांगणं माझं काम होतं. मी तोंडात सुपारी टाकली आणि गप्प बसलो.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वर आला.

त्यांनी भिंग पुसलं. तिसरा ठोका दिला, दोन खळग्यांच्या बरोबर मधल्या जागेवर. आकडा आणखी वर.

"पट्टी खराब आहे," ते म्हणाले.

पट्टी बदलली. पुन्हा ठोका. आणखी वर.

"गायधनी, ही काय भानगड आहे?"

"भानगड नाही साहेब. तुम्ही ठोकताय."

"मी मोजतोय!"

"तेच ते. या प्लेटला मोजण्यातला ठोका आणि दगडाचा ठोका यांतला फरक कळत नाही."

साहेब चिडले. खाली बसून त्यांनी हातोडी धरली आणि दात आवळून ठोकायला लागले, जणू प्लेटनं त्यांना उलट उत्तर दिलं होतं. पोल्डी बाजूला ठेवून नुसतीच हातोडी चालवली, मग पुन्हा मोजलं. आकडा वर. पुन्हा ठोकलं. आकडा वर. घामानं शर्ट पाठीला चिकटला.

आणि मग आबाशेठ पुढे झाले. वाकून त्यांनी त्या ठोकलेल्या चकचकीत जागेवरून अंगठा फिरवला. ज्या माणसानं आयुष्यभर घडावरचं द्राक्ष बोटानं चाचपलं, त्याचा तो अंगठा.

"आस्सं व्हय!" ते म्हणाले. "आमच्या थोरल्यासारखं हाय हे. जितका हाणला, तितका निर्ढावला."

मी चार वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात आणि सहा महिने आबाशेठांसमोर जे सांगायचा प्रयत्न करत होतो, ते त्यांनी एका शब्दात संपवलं. निर्ढावणं. माझ्या जाडजूड पुस्तकात याला मोठं नाव होतं. आबाशेठांचं बरं.

पण देवरे साहेब कच्चे नव्हते. उठून उभे राहिले, रुमालानं मान पुसली. "ठीक आहे. ही ठोकलेली जागा कडक झाली. पण बाकीची प्लेट मऊच आहे."

"तशीच पाहिजे," मी म्हणालो. "वरून कडक, आतून मऊ. आतून मऊ म्हणून फुटत नाही. फुटण्याचं बघायचंय? साळवे, घण!"

इथे मला हिरो व्हायची हुक्की आली. घण साळवेंच्या हातात शोभतो, हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. मी तो त्यांच्याकडून काढून घेतला, भाजलेल्या प्लेटच्या कोपऱ्यावर नेम धरला आणि सगळं बळ एकवटून हाणला. घण कोपऱ्यावरून घसरून जमिनीत गेला, त्याच्यामागे मी गेलो, आणि दांड्याचा झटका माझ्या दातांपर्यंत पोचला. प्लेटला काही झालं नाही.

"बघा," आबाशेठ म्हणाले, "कुठं फुटली?"

"साळवे," मी बसल्या जागेवरून म्हणालो, "जरा तुम्ही."

साळवेंनी तळहातावर थुंकी घेतली नाही की काही नाटक केलं नाही. पाय रोवले आणि हाणला. पहिल्या घावाला बारीक आवाज आला, काचेच्या बांगडीसारखा. दुसऱ्याला प्लेटचा कोपरा सुटून टणकन उडाला आणि पत्र्याच्या भिंतीवर आदळला. तिथे उभे असलेले मोल्डिंगवाले क्षणात दुसऱ्या टोकाला होते.

मग साळवेंनी माझ्या प्लेटच्या कोपऱ्यावर घण चालवला. एक, दोन, तीन, किती ते मोजलं नाही. कोपरा चेपला, चकाकला, वाकायला आला, पण सुटला नाही. घण मात्र शेवटी उसळ्या खायला लागला. देवरे साहेबांनी तिथे पोल्डी लावला. भाजलेल्या प्लेटचा आकडा मागे पडला होता.

आबाशेठ जाऊन तो उडालेला तुकडा घेऊन आले. हातावर घेऊन उभे राहिले. तुटलेली बाजू खरखरीत, खडीसाखरेसारखी चमकत होती.

"साहेब," ते देवऱ्यांना म्हणाले, "तुमच्या क्रशरच्या तोंडाशी कोण असतं?"

"असतो एक जण. का?"

"मंग भाजलेली नाय देणार मी. ऑर्डर ठिवा नायतर न्या."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी ट्रॉलीवर बसलो होतो ते नोकरी पणाला लावून. आबाशेठ अख्खी फाउंड्री लावून मोकळे झाले. मी जमिनीवरून उठायचंच विसरलो.

देवरे साहेबांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाले, "अख्ख्या प्लेटा आधीच घणानं ठोकून द्याल?"

"ते काम दगड करतील," मी म्हणालो. "आणि त्यांना ओव्हरटाइम नाही."

"विनोद पुरे. एक जोडी क्रशरला लावू. पण गायधनी, तुम्ही स्वतः यायचं. पहिला दगड पडेल तेव्हा त्या माणसाच्या जागी तुम्ही उभे राहायचं. फुटली किंवा झिजली तर या फाउंड्रीचा माल पुन्हा दारात नको."

"येतो," मी म्हणालो. आवाज जरा बारीक निघाला.

धरणाच्या कामावर पोचलो तेव्हा क्रशरवरचा माणूस, नाना त्याचं नाव, माझ्या हातात पहार देऊन पलीकडे सावलीत जाऊन बसला आणि तंबाखू मळायला लागला. "ह्या कामाला सायेब मी पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला. "लय गार वाटतंय."

पहिला दगड पडला तेव्हा मी डोळे मिटले होते. शास्त्रावर विश्वास वेगळा आणि पापण्या वेगळ्या. दगड फुटला, प्लेट राहिली. संध्याकाळपर्यंत प्लेटांच्या पन्हाळ्या आरशासारख्या झाल्या. देवरे साहेबांनी मशीन थांबवून पोल्डी लावला, तेव्हा खळगा भिंगातूनही शोधावा लागला. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. देवऱ्यांच्या हिशेबात तो जाहीर सत्कार होता.

प्लेटा मागच्या प्लेटांपेक्षा कितीतरी जास्त टिकल्या. ऑर्डर राहिली. मी आठवडाभर फाउंड्रीत छाती काढून फिरलो. भेटेल त्याला मँगनीज स्टील समजावलं. चहावाल्यालाही समजावलं.

मग एक दिवस निरोप आला. गायधन्यांना ताबडतोब पाठवा.

जॉ प्लेट खालच्या बाजूनं जास्त झिजते, म्हणून काही दिवसांनी ती काढून उलटी लावतात. ती निघत नव्हती. बोल्ट काढले, पाचर घातली, साखळी लावून ओढली, प्लेट जागची हलेना. कारण मार खाल्लेला धातू कडक होतो, तसाच तो थोडा पसरतोही. चेपलं की कुठेतरी सरकणारच. प्लेट बाजूंनी फुगून क्रशरच्या चौकटीत गच्च बसली होती. म्हणून अशा प्लेटांच्या चारही बाजूंनी आधीच फट सोडायची असते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ड्रॉइंगवर ती दाखवायची विसरलो होतो. सगळ्यांना समजावण्यात वेळच मिळाला नाही.

शेवटी क्रशरची चौकट ढिली करून, जॅक लावून, दोन दिवस घाम गाळून ती काढली. नाना पुन्हा सावलीत बसून बघत होता. देवरे साहेब फक्त एवढंच म्हणाले, "गायधनी, कडक झाली हे मान्य. पण आता इथे राहायला आलीय का?"

आबाशेठांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मार खाऊन निर्ढावली ते झाक. पण माजली कशी?" त्यानंतर ड्रॉइंगवर फट आली. आबाशेठांनी स्वतः ऑफिसात येऊन बोटानं दाखवून घेतली. इंग्रजी येत नसलेल्या माणसानं ड्रॉइंग तपासावं आणि माझ्यासारख्यानं उभं राहून "हो, हो" म्हणावं, हे पुढे नेहमीचंच झालं.

पुढच्या मालाच्या तपासणीला देवरे साहेब आले तेव्हा मी आरामात होतो. आता समजावायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी पोल्डी काढला. प्रत्येक ठोका वेगळ्या जागी, एकमेकांपासून लांब, नियमाप्रमाणे. मी कौतुकानं बघत होतो. शेवटच्या प्लेटपाशी ते थांबले. तिथे आणखी दोन ठिकाणी मोजलं. मग पेन काढलं.

"ही रिजेक्ट."

"का साहेब? मऊ आहे?"

"नाही. कडक आहे. भट्टीतून काढून पाण्यात टाकायला वेळ लावलाय तुमच्या लोकांनी. ही फुटेल."

मी साळवेंकडे पाहिलं. साळवेंनी छताकडे पाहिलं. त्या दिवशी क्रेन मध्येच अडकली होती आणि ही प्लेट हवेत लोंबकळत हळूहळू गार झाली होती, म्हणजे भाजल्यासारखीच, ते मला माहीत होतं. तरी मी हटलो नाही. म्हणालो, "साहेब, थोडीशीच कडक आहे. चालून जाईल."

"गायधनी," देवरे साहेब शांतपणे म्हणाले, "मऊ घेऊन या."

आबाशेठ दारात उभे होते. ते पोट धरून हसले.

तीस-पस्तीस वर्षं या धंद्यात काढली. मँगनीज स्टीलबद्दल मला विचाराल तर सांगेन, पाणी जवळ ठेवा, क्रेन तपासा आणि बाजूंनी फट सोडा. इन्स्पेक्टरबद्दल विचाराल तर एवढंच सांगतो. त्याला खरं ते पटवून द्या, जरूर द्या, त्यासाठी ट्रॉलीवर बसायची वेळ आली तरी बसा. पण एकदा का त्याला पटलं की आपला माल तो त्याच ज्ञानानं नाकारणार, याची तयारी ठेवा.